'कोसला' अर्ध्यात सोडणाऱ्यांनी पुस्तकांवर बोलायचंच नाही का?

मीनल_कोरेगाव
काल ग्रुपवर एकांनी लिहिलं की तिशी उलटली तरी 'मृत्युंजय', 'पार्टनर', 'दुनियादारी'च्या पुढे न गेलेल्यांनी स्वतःला वाचक म्हणवून घेऊ नये, आणि 'कोसला' अर्ध्यात सोडणाऱ्यांनी तर पुस्तकांवर बोलूच नये. खाली लोकांनी धडाधड लाइक ठोकलेत. रात्रीपासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. माझी आत्या सातवी शिकलेली, शेतातलं काम, चार पोरं, सासू अंथरुणाला खिळलेली, त्यातनं तिनं 'मृत्युंजय' वाचलं ते वाचनालयाचा दंड भरत भरत. तिथून 'स्वामी', तिथून 'बनगरवाडी'. पाऊस दगा देतो आणि गाव हळूहळू उठून जातं त्या भागाबद्दल ती जे बोलते ना, ते मी कुठल्या समीक्षकाच्या तोंडून ऐकलं नाही, कारण तिनं तसं होताना बघितलंय. 'कोसला' मात्र तिला नाही आवडलं. म्हणाली, बापाच्या पैशावर पुण्यात राहून नापास होणाऱ्या पोराचं मला काय कौतुक. आता ही बाई वाचक नाही? सांगा.

उदाहरणार्थ_वगैरे
पोस्ट माझीच आहे आणि मी मागे घेणार नाहीये. आत्याबाईंबद्दल आदर आहे, पण आत्या पुढे करून वाद जिंकता येत नाही. मी बोललो ते शिकल्यासवरलेल्या, हातात पैसा आणि वेळ असलेल्या लोकांबद्दल, जे पंधरा वर्षं तीच चार पुस्तकं कवटाळून बसलेत. १९६३ साली ते पुस्तक आलं तेव्हा कादंबरीतली माणसं कशी बोलायची आठवा जरा. मी खानदेशातून पुण्यात शिकायला आलो, वर्गात तोंड उघडलं की पोरं हसायची, म्हणून बोलायचंच बंद केलं होतं. त्या वर्षी हॉस्टेलवर कोणीतरी 'कोसला' दिलं आणि पहिल्यांदा कळलं की आपण बोलतो तसं छापूनही येतं. नायकाची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते ते प्रकरण वाचा, त्यात सजवलेला एक शब्द नाही आणि तरी पुढचे दोन दिवस कोणाशी बोलावंसं वाटत नाही. आणि दुसरीकडे 'पार्टनर'वाले वपु, पानोपानी सुविचार, जे लोक सकाळी स्टेटसला लावतात आणि त्यालाच वाचन म्हणतात. राग येतो तो याचा.

मीनल_कोरेगाव
मग तुमच्या त्याच 'कोसला'ची अर्पणपत्रिका बघा. शंभरातल्या नव्याण्णवांना अर्पण केलंय नेमाड्यांनी ते. आणि तुम्ही तेच पुस्तक हातात घेऊन नव्याण्णवांना दाराबाहेर काढताय. वर्गात लोक तुम्हाला हसले ते चूक होतं ना? मग तुम्ही स्टेटसवाल्यांना हसताय ते काय आहे?

व्यासपाठ
वपु आणि नेमाडे राहू द्या बाजूला. खरं नुकसान 'मृत्युंजय'नं केलंय. शिवाजी सावंतांच्या त्या कर्णावरच्या कादंबरीमुळे अख्ख्या महाराष्ट्राला वाटतं की कर्ण म्हणजे अन्याय झालेला देवमाणूस. महाभारतातलं सभापर्व उघडा. द्यूतसभेत द्रौपदीला बंधकी, म्हणजे वेश्या म्हणतो तो कर्ण. पांडवांची आणि तिची वस्त्रं काढ असं दुःशासनाला सांगतो तोही कर्णच. घोषयात्रेत गंधर्वांशी लढाई होते तेव्हा दुर्योधनाला सोडून पळतो. आणि स्वयंवरात 'सूताला वरणार नाही' असं द्रौपदी म्हणाली हे सगळे छातीठोक सांगतात, ते पुण्याच्या भांडारकर संस्थेनं जुन्या पोथ्या ताडून काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत मुख्य पाठात नाहीच, तळटीपेत आहे. ती आवृत्ती १९६६ ला पूर्ण झाली, 'मृत्युंजय' आलं १९६७ ला आणि इरावतीबाई कर्व्यांचं महाभारतातल्या माणसांची चिकित्सा करणारं 'युगान्त' पण त्याच सुमाराचं. कोणत्या घरात काय आहे बघा. माझ्या स्वतःच्या घरी 'मृत्युंजय'च्या दोन प्रती आणि 'युगान्त' मी नोकरी लागल्यावर विकत घेतलं.

तांबडा_रस्सा
कादंबरी आहे ती, पीएचडी नाही. आणि आमच्या शाळेत आडनाव बघून बाक मिळायचा हे तुम्हाला माहितीये का? मी आठवीत 'मृत्युंजय' वाचलं. शस्त्रस्पर्धेच्या रंगभूमीवर सगळ्यांसमोर कर्णाला जात विचारतात आणि तो पोरगा मान खाली घालतो, ते वाचताना मला कोणत्या तळटीपेत काय आहे याच्याशी घेणं नव्हतं, ते माझ्याबरोबर घडलेलं होतं. आणि सावंतांनी एकट्या कर्णाला बोलायला लावलेलं नाही, कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, कर्णाची बायको वृषाली, भाऊ शोण, कृष्ण सगळे बोलतात. तुम्ही पुस्तक कधी वाचलंय ते सांगा आधी.

व्यासपाठ
तीनदा वाचलंय. रंगभूमीचा प्रसंग मूळ महाभारतातही आहे, तो मी नाकारतच नाहीये, तिथे अन्याय झाला, मान्य. पण ज्याचा असा अपमान झाला त्यानं भर सभेत एका बाईचा त्याहून वाईट अपमान करावा, हेच तर व्यासांचं मोठेपण आहे, ते दाखवायची हिंमत ठेवलीये त्यांनी. कादंबरीत कर्णाचं दुःख पानंच्या पानं आणि द्रौपदीच्या वाट्याला काय? बोलणाऱ्यांत ती आहे का?

मीनल_कोरेगाव
हे मात्र खरंय, द्रौपदीला निवेदन नाही. पण विषय कुठून कुठे गेला.

तांबडा_रस्सा
विषय तोच आहे मॅडम. कोणी काय वाचावं हे कोणी ठरवायचं, हाच.

फलटणची_सून
मग मीही विचारते. दोन्ही बाजूंच्या याद्या बघितल्या, सावंत, वपु, शिरवळकर, नेमाडे, माडगूळकर. एवढ्या भांडणात लेखिका म्हणून एकट्या इरावतीबाई आल्या, त्याही कर्णाला हाणायला. सूतपुत्राच्या दुःखावर एवढं रडता तर ज्यांनी ते स्वतः भोगून लिहिलं ते कधी वाचणार? दया पवारांचं आत्मकथन 'बलुतं' १९७८ पासून आहे. बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' आहे. त्या फलटणला किराणा दुकान चालवायच्या, माल बांधायला आणलेल्या रद्दीतून वाचायच्या, आणि लिहिलेलं नवऱ्यापासून कित्येक वर्षं लपवून ठेवत होत्या. त्यांनी स्वतःच्या समाजातल्या पुरुषांनाही सोडलेलं नाही, सुनांचे काय हाल व्हायचे ते सगळं लिहिलंय. माझ्या सासरी ते पुस्तक मी आणलं तर 'असलं कशाला' म्हणाले. 'मृत्युंजय' मात्र शोकेसमध्ये काचेआड.

ग्रंथालय_सेवक
वीस वर्षं तालुक्याच्या 'क' वर्ग वाचनालयात काम करतोय म्हणून सांगतो. तुम्ही म्हणताय ती पुस्तकं मी मागवायची म्हणतो, कमिटी म्हणते जे फिरतं तेच घ्या. १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, वर्गवारीनुसार अनुदान येतं, ते हप्त्यानं येतं, त्यातच पुस्तकं, त्यातच भाडं, त्यातच आमचा पगार, आणि तो पगार किती असतो हे मी इथे लिहिणार नाही. 'मृत्युंजय'ची बांधणी दर दोन वर्षांनी करावी लागते. 'कोसला' कपाटात आहे, कोरं आहे. लोकांच्या आवडीवर भांडण्याआधी आपल्या गावचं वाचनालय संध्याकाळी उघडं असतं का बघून या. वर्गणी भरलीये का इथल्या कोणी?

उदाहरणार्थ_वगैरे
अर्पणपत्रिकेला माझ्याकडे उत्तर नाही, तेवढं घ्या लिहून. 'वाचक म्हणवू नये' हे वाक्य काढतो. 'पार्टनर'बद्दलचं मत तसंच राहणार, आणि पंधरा वर्षं एकाच जागी बसलेल्यांनी उठावं हेही तसंच. 'जिणं आमुचं' वाचलेलं नाही, मागवतोय. पण ग्रंथालयवाल्या दादा, 'कोसला' कोरं का राहिलं? तुम्ही कोणाच्या हातात दिलंय का कधी?

ग्रंथालय_सेवक
दिलंय. आठवड्यात परत येतं. कर्णाला लोक दंडाची पावती फाडून दोन-दोन महिने ठेवून घेतात.

व्यासपाठ
ठेवू देत. द्यूतसभेचं उत्तर मात्र अजून कोणी दिलेलं नाही.