सपाट मॉनिटरवर १०२४ × ७६८ ठेवणं आता बंद करा

सेतू केंद्रचालक, आर्वी
सेवा केंद्र असो, शाळा असो की सोसायटीचं कार्यालय, मॉनिटर नवा आणि रुंद, पण रिझोल्यूशन, म्हणजे चित्र किती आडव्या × उभ्या ठिपक्यांत काढायचं ते सेटिंग, जुन्या डब्बा मॉनिटरच्या काळातलं : १०२४ × ७६८. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं, अक्षर मोठं दिसतं. माझ्या मते हे साफ चूक आहे, आणि त्याचा भुर्दंड समोर अर्ज घेऊन बसलेल्या शेतकऱ्याला पडतो.

साडेअठरा इंची मॉनिटरवर बहुतेक वेळा आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात. ते कारखान्यातच बसवलेले, कमीजास्त होत नाहीत. त्यावर १०२४ चं चित्र टाकलं की उंची तशीच राहते, रुंदी ताणली जाते. तीन ठिपक्यांचा मजकूर चार ठिपक्यांत वाटावा लागतो, मधले ठिपके दोन्हीकडचा रंग घेतात आणि अक्षराची कड पुसट होते. मराठीत हे फार नडतं. 'वर्धा'चा रफार अनुस्वारासारखा दिसतो, 'आर्वी'त तर रफार आणि वेलांटी एकमेकांत मिसळतात. पीक विम्याच्या अर्जात खाते नंबर टाकताना इंग्रजी तीन की आठ, हे डोळे बारीक करून पाहावं लागतं. नंबर चुकला तर पैसे अडकतात.

निवृत्त शिक्षक, दारव्हा
पटलं नाही भाऊ. तुम्ही तरुण डोळ्यांच्या हिशोबानं बोलून रायले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही १३६६ वर पतसंस्थेचं खातं मले वाचता येत नाही. पुसट का होईना, मोठं अक्षर वाचता तरी येते. रेखीव पण मुंगीएवढं अक्षर घेऊन मी काय करू?

सेतू केंद्रचालक, आर्वी
गुरुजी, अक्षर मोठं कराच, पण रिझोल्यूशनला हात न लावता. डेस्कटॉपवर राईट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज, तिथे स्केल १२५ टक्के. मग अक्षर ताणलं जात नाही, जास्त ठिपके वापरून नव्यानं काढलं जातं. मोठंही आणि रेखीवही.

कृषी केंद्र दुकानदार, चिमूर
सांगायला सोपं आहे जी. मी केलं होतं १२५ टक्के. खत-बियाण्याचं बिल काढायचा आमचा प्रोग्राम जुना, ७६८ उंचीच्या पडद्यासाठी बनवलेला. १२५ केलं की जागा ६१४ चीच उरते, आणि 'सेव्ह'चं बटण पडद्याच्या खाली गेलं. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर दुकानात गर्दी, आणि बिल सेव्ह होत नाही! त्या दिवशी १०२४ वर परत आलो. धंदा चालला पाहिजे, कड रेखीव असो की नसो.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, उमरेड
दुकानदार भाऊंची अडचण खरी आहे. विंडोज १० मध्ये त्या प्रोग्रामच्या प्रॉपर्टीजमध्ये, कम्पॅटिबिलिटीत, फक्त त्याच्यापुरतं स्केल बंद करता येतं.

पण माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मशीनवर कोणी मुद्दाम १०२४ ठेवलेलंच नसतं. विंडोज नव्यानं टाकलं, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरचं चित्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, टाकायचा राहिला, म्हणून १३६६ यादीतच येत नाही. किंवा वायर हलकी. मॉनिटर आपलं माप त्याच वायरीतून कॉम्प्युटरला कळवतो. वायरीत ते माप कळवणारी पिनच नसली तर कॉम्प्युटर अंदाजानं चालतो. व्हीजीए वायरवर बरोबर माप ठेवूनही अक्षर थरथरत असेल तर मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण दाबा. आणि ७५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७५ वेळा चित्र नव्यानं काढायचा, हट्ट सोडा. तो डब्बा मॉनिटरची लुकलुक थांबवायला लागायचा, सपाट मॉनिटरवर ऑफिसच्या कामाला ६० पुरे.

कृषी केंद्र दुकानदार, चिमूर
स्केल बंद केलं म्हणजे त्या प्रोग्रामचं अक्षर पुन्हा बारीकच नं? मग मले काय मिळालं?

सेतू केंद्रचालक, आर्वी
त्या एका प्रोग्रामपुरतं बारीक राहील, हे मान्य. पण पुढचा मॉनिटर घ्याल तेव्हा १९२० × १०८० चा घ्या. त्यावर १२५ टक्के ठेवूनही १५३६ × ८६४ इतकी जागा उरते, तुमचं 'सेव्ह' बटण आत बसतं.

निवृत्त शिक्षक, दारव्हा
१२५ करून पाहिलं. सातबारा चांगला दिसते. पतसंस्थेच्या खात्यासाठी मात्र मी १०२४ च ठेवतो, ते आकडे मले मोठेच पाहिजेत.

कृषी केंद्र दुकानदार, चिमूर
हंगाम उरकेपर्यंत काउंटरवरच्या मशीनला हात लावणार नाही. पोराच्या अभ्यासाच्या कॉम्प्युटरवर आज रात्री बदलतो. उमरेडवाले भाऊ, तिथे यादीत १३६६ दिसतच नाही, तर आधी ड्रायव्हर पाहू की वायर?

कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, उमरेड
आधी वायर बदलून पाहा, काउंटरवरचीच लावा. नाही जमलं तर ड्रायव्हर.