डेबियन ९: "लिबसी६ २.२८ हवे" म्हणून .डेब अडकली, आता अ‍ॅप्ट काहीच बसवू देत नाही

मूळसूत्र (प्रश्न)

सर्व्हरवर डेबियन ९ (स्ट्रेच) हे लिनक्स आहे, ६४-बिट, कर्नल ४.९. एका प्रोग्रामची .डेब (डेबियनची पॅकेज फाइल) उतरवून "डीपीकेजी -आय" ने बसवली. तक्रार आली की लिबसी६ (बहुतेक प्रोग्राम वापरतात ती मूळ सी लायब्ररी, म्हणजेच जीलिबसी) किमान २.२८ हवे आणि मशीनवर २.२४-११+डेब९यू४ आहे. तेव्हापासून अ‍ॅप्टने दुसरं कुठलंही पॅकेज बसवायला गेलं की डिपेंडन्सी (लागणारी इतर पॅकेजेस) अपुऱ्या असल्याचं सांगून ते थांबतं. "अ‍ॅप्ट अपडेट" केलं तर प्रत्येक ओळीला ४०४ (सापडत नाही).

एका जुन्या उत्तरात वाचून सोर्सेस.लिस्टमध्ये (पॅकेजेस कुठून आणायची त्याची यादी) बुल्सआयची (डेबियन ११) ओळ घातली. आता "अ‍ॅप्ट -एस इन्स्टॉल लिबसी६" ही नुसती रंगीत तालीम केली तरी बदलायच्या आणि काढायच्या पॅकेजेसची लांबलचक यादी येते. अजून "हो" म्हटलेलं नाही. म्हणू का?

काळा_पडदा

म्हणू नका. तिथेच थांबलात हे फार बरं केलंत.

कारण असं. बस्टरपर्यंत (डेबियन १०) लिबक्रिप्ट.एसओ.१ ही पासवर्ड तपासायला लागणारी फाइल लिबसी६ च्याच पोटात होती. बुल्सआयपासून ती लिबक्रिप्ट१ या वेगळ्या पॅकेजात गेली. अर्धवट अपग्रेडमध्ये नवं लिबसी६ आधी उलगडलं आणि लिबक्रिप्ट१ मागे राहिलं, तर ती फाइल मधल्यामधे नाहीशी होते. मग पर्ल चालत नाही, पर्लवर चालणाऱ्या पॅकेज स्क्रिप्ट्स पडतात, पासवर्ड तपासता येत नाही म्हणून सुडोही हात वर करतं. एसएसएचवरून काम करत असाल तर चालू सत्र बंद झाल्यावर परत आत शिरणं मुश्कील.

शिवाय पिनिंग (कुठल्या रिलीजला किती प्राधान्य ते ठरवणं) नसेल तर दोन्ही रिलीजना ५०० हीच प्रायॉरिटी मिळते आणि वरची आवृत्ती जिंकते. म्हणजे उद्या साधा एडिटर बसवायला गेलात तरी तो बुल्सआयमधून येईल आणि सोबत लिबसी६ ओढून आणेल.

आधी मशीन एका रिलीजवर आणा. बुल्सआयची ओळ काढा. सोर्सेस.लिस्ट.डी फोल्डरही बघा, तिथे विसरलेल्या ओळी सापडतात. मग अर्धवट राहिलेलं पॅकेज शोधा:

डीपीकेजी -एल | ग्रेप '^आययू'

"आययू" म्हणजे फाइली उलगडल्या, पण कॉन्फिगर झालं नाही. तुमचा प्रोग्राम इथेच दिसेल. तो काढा:

सुडो डीपीकेजी --रिमूव्ह पॅकेजचं-नाव

अ‍ॅप्टने धरलेला हट्ट एवढ्यानेच सुटतो. "अ‍ॅप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल" सुद्धा शेवटी तेच करतं, फक्त ते काय काय काढणार आहे ते वाचल्याशिवाय एंटर दाबू नका.

४०४ ची गोष्ट वेगळी. स्ट्रेचचा एलटीएस (लांब मुदतीचा) आधार ३० जून २०२२ ला संपला आणि नंतर पॅकेजेस नेहमीच्या सर्व्हरवरून हलवली गेली. सोर्सेस.लिस्टमध्ये एवढ्या दोनच ओळी ठेवा:

डेब एचटीटीपी://आर्काइव्ह.डेबियन.ऑर्ग/डेबियन स्ट्रेच मेन
डेब एचटीटीपी://आर्काइव्ह.डेबियन.ऑर्ग/डेबियन-सिक्युरिटी स्ट्रेच/अपडेट्स मेन

स्ट्रेच-अपडेट्सची ओळ असेल तर काढून टाका. सिक्युरिटीच्या रिलीज फाइलवर मुदत घातलेली असते आणि ती कधीच उलटून गेली आहे, म्हणून:

सुडो अ‍ॅप्ट -ओ अ‍ॅक्वायर::चेक-व्हॅलिड-अन्टिल=फॉल्स अपडेट

सहीच्या किल्लीची मुदत संपल्याची तक्रार आली तर आधी "डेट" देऊन घड्याळ तपासा. घड्याळ बरोबर असेल तर त्या ओळीत "डेब" नंतर [ट्रस्टेड=येस] घालता येतं. त्याने सही तपासणंच बंद होतं, तेव्हा ते या दोन ओळींपुरतं आणि काम होईपर्यंतच ठेवा.

शेवटी "अ‍ॅप्ट लिस्ट --इन्स्टॉल्ड | ग्रेप लोकल" चालवा. जी आवृत्ती कुठल्याच सोर्समध्ये नाही, ती इथे दिसते. बाहेरून काही शिरलं असेल तर ते इथे कळतं.

वाळू७

वरचं सगळं बरोबर. आता मूळ प्रोग्रामबद्दल.

.डेब उघडून डिपेंड्सच्या ओळीत २.२८ चं २.२४ करायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. त्याने पॅकेज बसतं, प्रोग्राम चालत नाही. आकडा पॅकेज बांधणाऱ्याच्या मनातून आलेला नसतो, तो बायनरीतल्या सिम्बॉल्सवरून (ती लायब्ररीतली कुठली फंक्शन्स मागते त्यावरून) ठरतो. खात्री करायची तर (इथे "टी" कॅपिटल):

ऑब्जडम्प -टी बायनरीचं-नाव | ग्रेप जीलिबसी

यात जीलिबसी_२.२८ दिसलं, तर २.२४ वर तो सुरूच होणार नाही. तसंच .डेब उबंटू २१.१० किंवा पुढची असेल तर ती झेडस्टँडर्डने दाबलेली असते. स्ट्रेचच्या डीपीकेजीला ते कॉम्प्रेशन कळत नाही, लिबसीपर्यंत गोष्ट पोचतच नाही.

मशीन लगेच हलवता येत नसेल तर प्रोग्राम कंटेनरमध्ये (डॉकरसारख्या वेगळ्या कप्प्यात) चालवा. कर्नल होस्टचाच राहतो, लिबसी मात्र कंटेनरची असते, आणि ४.९ कर्नल नव्या जीलिबसीला पुरतो. एक खड्डा टाळा. जीलिबसी २.३४ पासून थ्रेड तयार करताना क्लोन३ हा सिस्टिम कॉल वापरला जातो. २०.१०.१० च्या आधीचा डॉकर त्याला "परवानगी नाही" असं उत्तर देतो, "असा कॉलच नाही" असं नाही. त्यामुळे लायब्ररी जुन्या क्लोनकडे वळत नाही आणि प्रोग्राम थ्रेड तयार होत नाही म्हणून पडतो. डॉकर जुना असेल तर बुकवर्मऐवजी (डेबियन १२) बुल्सआयची इमेज घ्या. तिच्यात जीलिबसी २.३१ आहे, तुमच्या २.२८ च्या अटीला तेवढी भरपूर.

मूळसूत्र

"आययू" मध्ये एकच पॅकेज होतं, काढलं. आर्काइव्हच्या ओळींनी अपडेट झालं, लोकल यादी रिकामी आहे. कंटेनरने आजचं काम भागेल. कायमचं करायचं तर थेट १२ वर उडी घेता येईल का?

काळा_पडदा

उडी नको. ९ वरून १०, मग ११, मग १२. रिलीज ओलांडून केलेलं अपग्रेड डेबियन तपासत नाही, आणि वरची लिबक्रिप्टची अडचण अशाच घाईत समोर येते.

प्रत्येक टप्प्याला आधी "अ‍ॅप्ट अपग्रेड", मग "अ‍ॅप्ट फुल-अपग्रेड", मग रीबूट, आणि "डीपीकेजी --ऑडिट" काही बोलत नाही हे बघूनच पुढे. एसएसएचवर असाल तर हे सगळं टीमक्सच्या आत (टर्मिनलचं सत्र सर्व्हरवरच चालू ठेवणारा प्रोग्राम). कनेक्शन तुटलं तरी डीपीकेजी मध्येच मरत नाही. सुरुवातीला इटीसी फोल्डर आणि डेटाबेसची प्रत दुसऱ्या मशीनवर घ्या. बूट वेगळं पार्टिशन असेल तर "डीएफ -एच" बघून जुने कर्नल काढा. तिथे जागा संपली की इनिटरॅमएफएस (बूट होताना कर्नलला लागणारी फाइल) अर्धवट लिहिलं जातं आणि मशीन उठत नाही.

सोर्सेसमध्ये दोन बदल लोक हमखास विसरतात. सिक्युरिटीचं नाव १० पर्यंत "बस्टर/अपडेट्स" असं होतं, ११ पासून ते "बुल्सआय-सिक्युरिटी" झालं. आणि १२ मध्ये फर्मवेअर नॉन-फ्री मधून नॉन-फ्री-फर्मवेअर या नव्या विभागात गेलं. ती नोंद घालायची राहिली तर नेटवर्क कार्डाच्या फर्मवेअरला पुढचे अपडेट मिळत नाहीत. बस्टरच्या टप्प्यालाही सर्व्हर आर्काइव्हचाच घाला. आधी [ट्रस्टेड=येस] लिहिलं असेल तर ते मात्र पुढच्या ओळींत नेऊ नका.