पनामा हॅट: नाव रूझवेल्टच्या आधीचं

अमेरिकेचा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टचा पनामा हॅट, म्हणजे उन्हाळी विणलेली टोपी, घातलेला १९०६ सालचा पनामा कालव्यावरचा फोटो गाजला आणि त्यावरून या टोपीला ‘पनामा’ नाव पडलं, असं बरेचदा सांगितलं जातं. फोटोमुळे टोपीचा खप वाढला हे मान्य, पण नाव त्याच्या कितीतरी आधीचं आहे. टोपी विणली जायची इक्वेडोरमध्ये, विकली जायची पनामात. १८४९ च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या सोन्यामागे धावणारी हजारो माणसं पनामाची चिंचोळी पट्टी ओलांडून जायची, तिथेच उन्हासाठी ही टोपी घ्यायची. जिथे विकत घेतली त्या जागेचं नाव चिकटलं, विणणारे मात्र बाजूलाच राहिले. मला हे मनापासून खटकतं.

कारण खरं कौतुक विणकरांचंच आहे. तोकिया नावाच्या झाडाची (दिसायला पामसारखं, पण पामच्या कुळातलं नाही) कोवळी, न उलगडलेली पानं चिरून उकळतात आणि वाळवतात. वाळताना प्रत्येक पट्टी आत वळून गोल धाग्यासारखी होते. विणकाम माथ्याच्या मध्यापासून सुरू होतं. इक्वेडोरमधल्या मोंतेक्रिस्ती गावची चांगली टोपी हातात आली तर उजेडासमोर धरून आतून बघा, माथ्यावर एकात एक वर्तुळं दिसतात. नवीन काड्या जिथे जोडल्या त्या त्या जागी ती उमटतात, आणि जितकी जास्त तितकं विणकाम बारीक. २०१२ मध्ये युनेस्कोने या विणकामाची नोंद अमूर्त वारशाच्या यादीत केली, ती इक्वेडोरच्याच नावाने.