धंद्याच्या ऑम्नी-ईकोची ताकद वाढवणे : अनुभव धागा

धंद्याला लावलेली ऑम्नी किंवा ईको घाटात दम टाकायला लागली, की ‘मोठं इंजिन बसवू का?’ हा प्रश्न हमखास येतो. भाजीचे क्रेट, केटरिंगची पातेली, मांडवाचं सामान, शाळेची मुलं, काहीही वाहत असा. ज्यांचे हात ग्रीसने काळे झालेत त्यांनी इथे लिहावं; प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे. गोष्टी नकोत. काय बदललं, किती बदललं आणि कशाने बिघडतं, एवढंच हवं. आकडे हाताशी असावेत म्हणून : ऑम्नीचं एफ-८-बी इंजिन तीन सिलिंडर, ७९६ सीसी, साधारण ३५ बीएचपी (ताकद), ५९ एनएम (टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ओढ). ईकोचं जुनं जी-१२-बी ११९६ सीसी, ७३ बीएचपी, १०१ एनएम.

घाटवाट

पाना हातात घेण्याआधी हिशेब करा. ऑम्नी, माल आणि माणसं मिळून १३०० किलो धरा. चढ बारास एक, वेग ताशी ४०. नुसतं वजन वर ओढायला जवळजवळ १२ किलोवॅट लागतात, टायरच्या घर्षणाला आणखी २. म्हणजे चाकावर १९ एचपी हवेत.

आता इंजिन काय देतं ते बघा. ते ३५ बीएचपी ५००० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) मिळतात. ३००० वर फ्लायव्हीलला जेमतेम २४ असतात आणि गिअरबॉक्स-डिफरन्शियलने आपला वाटा खाल्ला की चाकावर २० उरतात. तेही नव्या इंजिनाला. जुन्या गाडीचे पंधरा टक्के गळाले असतील तर तो चढ तिला त्या आरपीएमला जमणारच नाही. खालचा गिअर टाकून ४००० वर नेली तर तेच इंजिन तीसच्या आसपास देतं. ‘इंजिन ओरडतंय’ म्हणून वरच्या गिअरमध्ये रेटणारे ड्रायव्हर निम्मी ताकद स्वतःच टाकून देतात.

याच चढावर, याच वेगाला, दर १०० किलो वजन सव्वा एचपी खातं. मागे कायम पडलेली लोखंडी फ्रेम, जाड प्लायवूड, भरलेले पाण्याचे कॅन उतरवणं हे सगळ्यात स्वस्त ‘मॉडिफिकेशन’. महाबळेश्वरसारख्या १३५० मीटर उंचीवर हवाच बारा टक्के विरळ असते, तिथे इंजिनाला दोष देऊ नका.

टॅपेट

घाटवाट यांच्या पंधरा टक्क्यांबद्दल. मोठ्या इंजिनाची चौकशी करणाऱ्या गाड्यांपैकी बहुतेकांची स्वतःची ताकदच गळालेली असते. ती कुठे गेली ते या क्रमाने शोधा.

पहिली केबल. एकाने पेडल तळाला दाबून धरायचं, दुसऱ्याने सीट उचलून थ्रॉटल पूर्ण उघडतोय का बघायचं. ताणलेली केबल किंवा पेडलखाली घातलेली जाड मॅट यामुळे तो पाऊणच उघडतो. खर्च शून्य, फरक मोठा.

मग चारही चाकं जॅकवर घेऊन हाताने फिरवा. पुढचं चाक घासत फिरत असेल तर कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकलाय, मागचं असेल तर ड्रमचं सेटिंग घट्ट आहे किंवा हँडब्रेकची केबल परत येत नाही.

त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्लगच्या भोकात गेज लावून सिलिंडरमधला दाब. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेलं रीडिंग कमी येतं आणि चांगलं इंजिन उगाच खोललं जातं. सिलिंडर-सिलिंडरमध्ये १ किलोपेक्षा जास्त फरक नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. दोन शेजारचे सिलिंडर एकदमच कमी आले तर हेड गॅस्केट मधून फुटलंय. तिन्ही सारखेच थोडे कमी आले तर टायमिंग बेल्टचा दात सरकलाय का ते बघा. ते सोडून रिंगांच्या मागे लागू नका.

पॉइंटवाल्या (जुन्या इग्निशनच्या) गाडीत पॉइंटची गॅप ०.४ ते ०.५ मिमी. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम नळीला तोंडाने ओढ द्या. ओढ टिकली नाही तर आतला डायफ्रॅम फाटलाय. आतली वजनं गंजून अडकली तर खाली गाडी ठीक वाटते, वर आरपीएम चढतच नाहीत.

एमपीएफआय (इंजेक्शनच्या) गाडीत शेवटचा संशयित कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावा. २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या वर गेलं तर सायलेन्सरची वाट तुंबलीय. आतला मधपोळ्यासारखा ठोकळा फोडून टाकणारे ‘तज्ज्ञ’ असतात, पण मग पीयूसीत गाडी अडते. तो तुंबला कशाने ते शोधा. बहुतेक वेळा एखादा प्लग मिसफायर होत असतो किंवा ऑइल जळत असतं.

जेट नंबर ९५

कार्बोरेटरवाल्यांसाठी. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. शुद्ध पेट्रोलला एक भाग इंधनामागे १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साधारण साडेतेरा. इंजेक्शनची गाडी सेन्सर बघून सावरून घेते. कार्बोरेटर मात्र जुनंच माप ओततो, म्हणून मिश्रण पातळ होतं. लक्षणं ठरलेली : सकाळी चोक जास्त वेळ लागतो, ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक क्षण खड्डा पडतो, लोडवर इंजिन तापतं, प्लगची टोकं पांढरी निघतात.

उपाय मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं पितळी भोक, वाढवणं, पण बेताने. क्षेत्रफळ ७-८ टक्के वाढवायचं म्हणजे व्यास फक्त ३-४ टक्के. १.०० मिमीचं भोक १.०३-१.०४ करायचं. हातातल्या ड्रिलने पितळी जेट वाढवू नका, भोक अंडाकृती होतं आणि मग कुठल्याच हिशेबात बसत नाही. पुढच्या नंबरचं जेट विकत घ्या. रनिंग करून लोडवर गाडी बंद करा आणि प्लग काढून बघा : बिस्किटाचा रंग बरोबर, काळी काजळी आली तर एक नंबर मागे या.

जेटबरोबर ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम आणि पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदला. जुनं रबर इथेनॉलने फुगतं आणि आतून सुटलेले कण पुन्हा जेटमध्येच जाऊन बसतात.

लेथवाला

‘बोअर मारला की पिकअप वाढतो’ हे अर्धसत्य आहे. एफ-८-बीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७२. अर्धा मिमी ओव्हरसाइज पिस्टन टाकला तर ७९६ चे ८०८ सीसी होतात. दीड टक्का. गाडी सुधारलेली वाटते ती कॉम्प्रेशन परत आल्यामुळे, सीसीमुळे नव्हे. बोअर झिजलेला नसेल तर मारू नका, पुढच्या वेळेसाठी भिंतीची जाडी शिल्लक ठेवा.

हेड फेसिंगचंही, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करण्याचंही, तेच. कॉम्प्रेशन रेशो ८.७. अर्धा मिमी उडवलं तर तो ९ च्या आसपास जातो आणि ताकद वाढते एखादा टक्का. एवढ्यासाठी हेड पातळ करणं वेडेपणा आहे. हेड वाकलं असेल तर सरळ होण्यापुरतंच फेस करा. शिवाय हेड खाली आलं की कॅम आणि क्रँकमधलं अंतर कमी होतं, बेल्ट तेवढा ढिला पडतो आणि व्हॉल्व्ह टायमिंग किंचित मागे जातं. फेसिंगनंतर टेन्शनर नव्याने सेट केला नाही, तर ‘हेडचं काम केल्यापासून गाडी मंद झाली’ ही तक्रार ठरलेली.

खरा फायदा व्हॉल्व्ह सीट नीट कटिंग करून ग्राइंड करण्यात आहे. बसवण्याआधी हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये रॉकेल भरा. दहा मिनिटांत पोर्टमध्ये थेंब उतरला तर परत ग्राइंड.

धूळफिल्टर

कोन फिल्टर लावू नका. ऑम्नीत इंजिन सीटखाली कोंडलेलं, उघडा फिल्टर तिथलीच गरम हवा ओढतो. बाहेर ३५ अंश असताना आत ६० असेल तर सात-साडेसात टक्के हवा कमी मिळते. आवाज वाढतो, म्हणून पिकअप वाढल्यासारखा वाटतो. मूळ डबा, मूळ नळी आणि नवा कागदी फिल्टर, बस.

स्पॅनर १४

आता इंजिन बदलण्याबद्दल, कारण धागा त्याचसाठी आहे.

ऑम्नीत दोन इंजिनांचा विचार होतो. एक, जुन्या अल्टोचं एफ-८-डी : तेवढेच ७९६ सीसी, तोच बोअर-स्ट्रोक, पण बारा व्हॉल्व्ह. सुमारे ४७ पीएस (बीएचपीसारखंच ताकदीचं माप), ६२ एनएम. टॉर्क बघा, फक्त तीनने जास्त. फायदा वरच्या आरपीएमला आहे, माल घेऊन घाट चढताना तो फारसा हाताला लागत नाही. दुसरं, जुन्या वॅगन आरचं एफ-१०-डी : तोच बोअर-स्ट्रोक, एक सिलिंडर जास्त, १०६१ सीसी, ६४ बीएचपी, ८४ एनएम. हा फरक खरा. त्रासही खरा.

दोन्ही इंजिनं मूळ गाडीत आडवी, पुढची चाकं फिरवणारी. ऑम्नीत इंजिन गाडीच्या लांबीत, प्रोपेलर शाफ्ट मागे. म्हणून ऑइल चेंबर आणि त्यातली सक्शन नळी, माउंटिंगचे ब्रॅकेट, पाण्याच्या निकासाची दिशा, सायलेन्सरचा मॅनिफोल्ड, सगळं नव्याने जुळवावं लागतं. इंजिन घेण्याआधी बेलहाउसिंगची (इंजिन-गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटेसारख्या डब्याची) भोकं, डॉवेल पिन (जागा पक्की करणारी खुंटी) आणि क्लच शाफ्टच्या टोकाचं पायलट बेअरिंग मोजून घ्या. भोकं जुळली पण डॉवेल नाही, असं झालं तर गिअरबॉक्स केसभर तिरका बसतो. क्लच शाफ्टचं बेअरिंग आवाज करायला लागतं आणि दोष भलत्याच भागावर जातो. चौथ्या सिलिंडरमुळे इंजिन सात-आठ सेंटिमीटर लांब, तेवढी जागा टेपने आधी मोजा. पुली आणि पत्रा यांच्यात दोन बोटं तरी हवीत, कारण इंजिन रबरावर हलतं.

कार्बोरेटरवाल्या गाडीत इंजेक्शनचं इंजिन टाकताना मूळ पंप चालत नाही. त्याचं प्रेशर अगदी थोडं, इंजेक्टरला अडीच-तीन किलो लागतं. टाकीतला इलेक्ट्रिक पंप आणि प्रेशरच्या नळ्या हव्यात. साधी नळी क्लिप आवळून लावली तर ड्रायव्हरच्या बुडाखाली आग. ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग आणि सेन्सर त्याच गाडीचे घ्या. चावीत चिप असेल तर चावी आणि इमोबिलायझरचा डबा पण घ्या, नाहीतर सेल्फ फिरतो आणि गाडी सुरू होत नाही.

५९ च्या जागी ८४ एनएम म्हणजे बेचाळीस टक्के जास्त. आधी क्लच प्लेट सरकते, मग प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस खटखट करतात, मग क्राउन-पिनियन. रेडिएटर मोठा घ्या. थर्मोस्टॅट काढून टाकू नका : इंजिन थंड राहिलं तर ईसीएम जादा पेट्रोल ओतत राहतो आणि ते ऑइलमध्ये उतरतं. बोअरवेलचं पाणी घालणाऱ्यांच्या रेडिएटरमध्ये क्षार बसतात, तिथे मोठा रेडिएटर पण वर्षात छोटा होतो. ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर नसेल तर तो आधी, इंजिन नंतर.

पासिंगवाले

स्पॅनरदादा, कागदाचं राहिलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ : आरसीवर नोंदलेली माहिती कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच धरलं. कलम १८२अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. खराब इंजिनाच्या जागी त्याच जातीचं इंजिन बसवायचं तर आरटीओची मंजुरी आणि इंजिनाचं बिल घेऊन नवा नंबर आरसीवर चढवून घ्या. १०६१ सीसी त्यात बसत नाही. अपघातात इन्शुरन्सचा सर्व्हेअर इंजिन नंबर बघतो, आणि गाडीत शाळेची मुलं असतील तर पुढचं सांगायला नको. शेतातल्या खासगी रस्त्यावर फिरणारी गाडी हा वेगळा विषय.

गॅसची टाकी

ईकोवाले बहुतेक सीएनजीवर. कंपनीच्याच आकड्यांत सध्याचं इंजिन पेट्रोलवर सुमारे ८१ पीएस आणि सीएनजीवर ७२. कारण साधं आहे : गॅस इंजिनाच्या सिलिंडरमधल्या हवेची साधारण दहा टक्के जागा घेतो. ते भरून काढता येत नाही, पण बाहेरून बसवलेल्या किटमध्ये याहून जास्त गळतं, ते थांबवता येतं.

मिक्सरवालं किट असेल तर हवेच्या वाटेत बसवलेली रिंग पेट्रोलवरही घसा आवळते. सिक्वेन्शियल किट (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर) घ्या. मिथेन हळू जळतो, त्याला स्पार्क लवकर हवा. टायमिंग ॲडव्हान्स प्रोसेसर लावला नाही तर गाडी मंद आणि सायलेन्सर लाल. प्लगची गॅप थोडी कमी, ०.७ मिमीच्या आसपास. ज्या इंजिनाला टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) हाताने सेट करायचे असतात तिथे दर १० हजार किलोमीटरला गॅप तपासा. गॅसवर व्हॉल्व्ह सीट खाली बसतात आणि गॅप कमी होत जाते. टॅपेटचा आवाज अजिबात येत नाही म्हणून खूश होऊ नका, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसेल. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी.

मागचा टायर

१४५ आर १२ काढून १५५/८० आर १३ लावणाऱ्यांनो : टायरचा व्यास ५४२ वरून ५७८ मिमी होतो. प्रत्येक गिअर साडेसहा टक्क्यांनी लांब, ओढ तेवढीच कमी. वर मीटर कमी वेग दाखवणार. गाडी ‘दिसते’ भारी.

ओसाकाहून

जपानात हीच सुझुकीची छोटी व्हॅन ६६० सीसी आणि टर्बोवर ६४ पीएस देते, म्हणून तिकडचा टर्बो इकडे लावता येईल का असं विचारतात. तिथलं टर्बो इंजिन मुळातच कमी कॉम्प्रेशनचं, वेगळ्या पिस्टनचं, इंटरकूलरसकट बांधलेलं असतं. साध्या पिस्टनवर बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा) दिला की नॉकिंगने, म्हणजे इंधन अवेळी भडकून बसणाऱ्या ठोक्यांनी, रिंगांमधली पट्टी तुटते. एवढ्यावरही तिथले गॅरेजवाले ऑइल दर ५००० किलोमीटरला बदलतात, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगला जाणारी बारीक नळी कार्बनने बुजते.

घाटवाट

एक शेवटचं, मोजमापाचं. ‘फरक पडला’ असं लिहिणाऱ्यांनी आधी आणि नंतर मोजावं. सपाट रिकामा रस्ता, वजनकाट्यावर तोललेली गाडी, तिसरा गिअर, मोबाइलच्या जीपीएसवर ४० ते ६० चा वेळ. दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा, मग सरासरी. १००० किलोच्या गाडीला ८ सेकंद लागले तर वेग वाढवण्यात सुमारे १३ एचपी खर्च झाले. ७ लागले तर साधारण पावणेपंधरा. टायरची हवा आणि टाकीतलं पेट्रोल दोन्ही वेळा सारखं ठेवा. अर्ध्या सेकंदाच्या आतला फरक वाऱ्याचा असतो.