मार्टिन ओब्री: पस्तीस तास खरे की लील खरं?

उंबरठा (धागाकर्ता)

मार्च २०२५ मध्ये मार्टिन ओब्रीबाईंनी उत्तर फ्रान्समधल्या लील शहराचं महापौरपद सोडलं. चोवीस वर्षं एकच खुर्ची! (तिकडे महापौर म्हणजे नुसता फिती कापणारा नव्हे, शहराचा कारभार तोच हाकतो.) फ्रान्सच्या समाजवादी पक्षाच्या या नेत्या जगाला ठाऊक आहेत त्या कामाच्या ३५ तासांच्या आठवड्यामुळे. १९९८ आणि २००० अशा दोन कायद्यांनी पंतप्रधान जोस्पँ यांच्या सरकारातल्या या मंत्रीणबाईंनी आठवडा ३९ तासांवरून ३५ वर आणला.

माझं मत उलटं आहे. तो कायदा ही घोडचूक, लील ही खरी कमाई. २००२ मध्ये लीलकडच्याच मतदारसंघात त्या संसदेची जागा हरल्या. मग शहरात जीव ओतला. २००४ साली लील युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं, बंद पडलेलं साँ-सोव्हर मालस्टेशन २००९ मध्ये प्रदर्शनं-मैफलींसाठी उघडलं. बोला!

खडूस_काका

साफ असहमत. लील घडवलं आधीचे महापौर पिएर मोरुआंनी, १९७३ ते २००१. बिनचालक मेट्रो त्यांची, वेगवान रेल्वे शहरातून वळवून घेतली तीही त्यांनीच. ओब्रींना आयतं वाढलेलं ताट मिळालं. जन्म पॅरिसचा, १९९५ मध्ये मोरुआंच्या हाताखाली उपमहापौर म्हणून आल्या. वडील कोण? जाक दलोर, मोरुआंच्याच मंत्रिमंडळातले अर्थमंत्री. घराणेशाही काय फक्त आपल्याकडेच असते?

आणि गंमत बघा, १९८२ मध्ये पंतप्रधान असताना आठवडा ४० वरून ३९ तासांवर आणला तोही मोरुआंनीच. वर पगारी रजेचा पाचवा आठवडा. म्हणजे बाईंनी खुर्चीही त्यांचीच घेतली आणि कामही त्यांचंच पुढे रेटलं.

नीलमोहर

काका, रेटलं म्हणता तेव्हा एक तास आणि चार तास यांतला फरक तरी बघा! मुलगी म्हणून दार उघडलं असेल, पण चोवीस वर्षं कोणी बापाच्या नावावर निवडून येत नाही. शिवाय गरिबांना आजारपणात खिशातून पैसे घालावे लागू नयेत म्हणून १९९९ मध्ये आणलेला सार्वत्रिक आरोग्यविम्याचा कायदाही त्यांच्याच खात्याचा. त्याबद्दल एक अक्षर नाही कोणाचं. ३५ चा आकडा सगळं खाऊन टाकतो.

पाळीवाला

२००६ च्या हिवाळ्यात मी लीलमध्ये नोकरीला होतो, म्हणून दोन शब्द.

स्टेशनातून बाहेर आलो की फेदेर्ब रस्त्यावर दोन्ही बाजूंना हत्तींची रांग! खोटे, पण भलेमोठे. त्या वर्षीच्या शहरउत्सवाचा विषयच मुंबई होता. एका चर्चमध्ये आपल्याकडचे कलाकार सुबोध गुप्तांनी स्टीलच्या भांड्यांचा धबधबा ओतला होता. आमच्या घरच्या मांडणीवरची ताटं-वाट्या तिकडे लोक मान वर करून बघत होते.

पण ३५ तासांचं आतलं गणित वेगळं. ऑफिसातले साहेब लोक जास्तीच्या सुट्ट्या साठवून शुक्रवारी गायब. आमच्या कँटीनमधल्या मावशींचे तास मात्र वर्षाच्या हिशोबाने मोजायचे. गर्दीच्या आठवड्यात ताणायचे, मंदीत कमी करायचे, आणि ओव्हरटाइम बुडाला. कायद्याने तास कमी केले, पण पाळ्या कशा लावायच्या ते मालकाच्या हातात दिलं. कामगार रागावला तो यावर.

खडूस_काका

बरोब्बर. आणि रुग्णालयांत नर्सेसचे तास कमी केले, पण भरती वेळेवर कुठे झाली?

नीलमोहर

भरतीचा मुद्दा मान्य. पण त्या काळात साधारण साडेतीन लाख नोकऱ्या वाढल्याचा सरकारी अंदाज आहे. आता तो श्रेयाचा वाटा कायद्याचा की मालकांना दिलेल्या सवलतींचा, यावर तिथले अर्थतज्ज्ञ अजून भांडतात. उंबरठा, घोडचूक असती तर नंतरचे उजवे राष्ट्राध्यक्ष सार्कोझींनी रद्द केली नसती का? त्यांनी ओव्हरटाइमवरचा कर माफ केला, पण ३५ ला हात लावला नाही.

उंबरठा (धागाकर्ता)

ठीक आहे, ‘घोडचूक’ मागे घेतो. ‘अर्धवट शिजलेला कायदा’ म्हणतो. पाळीवाल्यांच्या मावशी डोक्यातून जात नाहीत.

पण पॅरिसात बाईंना कधी मनासारखं यश मिळालं नाही, यावर ठाम आहे. २००८ मध्ये पक्षाध्यक्षपद मिळालं ते पक्षातल्याच प्रतिस्पर्धी सेगोलेन रोयालपेक्षा १०२ मतं जास्त म्हणून, तीही फेरमोजणीनंतर! २०११ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीत पक्षातल्याच ओलांदनी हरवलं, आणि तेच राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच ओलांदच्या सरकारने कामगार कायदे सैल करायला घेतले तेव्हा, २०१६ मध्ये, बाईंनी वर्तमानपत्रातून जाहीरपणे झोडपलं.

खडूस_काका

लीलमध्ये तरी काय मोठं? २०२० मध्ये हरितपक्षाच्या उमेदवारापेक्षा फक्त २२७ मतं जास्त. त्याच साँ-सोव्हरच्या मोकळ्या जागेवर इमारती आणि तरणतलाव हवा होता बाईंना, लोकांना झाडं हवी होती.

पाळीवाला

काका, या एका मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने. ती जागा मी बघितली आहे. तेवढं रान शहराच्या पोटात पुन्हा मिळत नाही.

अवांतर: लीलच्या सप्टेंबरातल्या जुन्या बाजाराला कोणी गेलंय का? हॉटेलांबाहेर शिंपल्यांचे ढीग लावतात, ज्याचा ढीग उंच तो जिंकला. वास मात्र आपल्या ससून डॉकचा.