उत्तर: समुद्राशी आपला काय संबंध?

वर एका दादांनी विचारलंय, 'लातूरकराला समुद्राच्या संशोधनाचं काय घेणंदेणं?' २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, तेव्हा आमच्या गल्लीत घागरींवर ऑइल पेंटनं नावं टाकलेली होती. त्याआधीच्या पावसाळ्यात तिकडं प्रशांत महासागर तापला होता आणि इकडं आपला पाऊस कमी पडला. या तापण्यालाच म्हणतात एल निनो. दरवेळी तोच दोषी असतो असं नाही, पण त्या साली होता.

हे तापणं मोजायचं कसं, तर आर्गो फ्लोट, म्हणजे समुद्रात सोडलेलं मोजणीचं यंत्र. कॅलिफोर्निया विद्यापीठाची स्क्रिप्स ही समुद्रविज्ञान संस्था (स्थापना १९०३) या कामात पहिल्यापासून पुढं. माणसाएवढं नळकांडं, ना इंजिन ना पंखा. हजार मीटर खोलवर वाहत राहतं, दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतं आणि वर येताना तापमान, खारटपणा टिपतं. वर येतं कसं? आतलं तेल बाहेरच्या रबरी पिशवीत ढकलतं. वजन तेच, आकार फुगला, की आपोआप वर. विहिरीत पोहायला शिकताना अण्णा पाठीला रिकामा डबा बांधायचे, तसंच, फक्त हा डबा हवा तेव्हा फुगतो. मग उपग्रहाला निरोप. असे जवळपास चार हजार जगभरच्या समुद्रांत काम करताहेत, आपल्या अरबी समुद्रातही.

मोसमी पावसाच्या अंदाजाच्या मॉडेलांत ही माहिती जाते. तरी आमचे अण्णा चार बोटं ओल बघितल्याशिवाय सोयाबीनचं पोतं उघडत नाहीत, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही.