मदत हवी आहे : सेंट हेलेना आणि जहाजांचा वळसा

दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेनाबद्दल वाचतोय. नेपोलियनची कैद (१८१५ ते १८२१) सोडली तर या बेटाबद्दल कुणी बोलतच नाही! ईस्ट इंडिया कंपनीने तर १६५९ मध्येच तिथे ठाणं वसवलं होतं. परतीच्या जहाजांना गोडं पाणी आणि ताजा भाजीपाला मिळावा म्हणून.

माझं अडलंय ते इथे. भारताकडे जाणारी जहाजं सहसा तिथे थांबत नसत, कारण आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे समोरून लागत. म्हणून ती ब्राझीलच्या बाजूने वळसा घालून केप ऑफ गुड होपकडे वळत. नकाशावर हे उलटंच दिसतं. एवढ्या लांबच्या वाटेने खरंच दिवस वाचत का? जाणकारांनी जरा उलगडून सांगाल? आणि १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडल्यावर बेटावरच्यांनी पोटापाण्याचं काय केलं?